दोरीचं टोक

त्या राज्यात आता कुणाच्याच घरी बाहुली उरली नव्हती. सगळ्या बाहुल्या राजधानीच्या टेकडीवर होत्या, ताडामाडाएवढ्या उंच, कुठूनही दिसाव्यात अशा. रोज तिन्हीसांजेला तिथे राक्षसाचा खेळ होई; त्याची गदा पडायच्या आत ज्याची बाहुली बाजूला उडी मारे, तो जिंके. घरोघरी होतं ते फक्त दोरीचं टोक.

निळा अंगरखा मिरवणारा खंड्या ही योजना घेऊन रानोरान फिरला होता. "घरातल्या लाकडी बाहुल्या द्या, दोरी घ्या," तो म्हणे. "इथे ओढली की तिथे बाहुली हललीच समजा!" भागा खारीला ते पटलं. तिच्या लेकाचे, बिटकूचे मागचे पाय लुळे पडले होते, ढोलीबाहेर पडणं बंद झालं होतं. त्याला नाही तर नाही, त्याच्या बाहुलीला तरी टेकडीवर उडी मारता येईल! तिने त्याची सागाची वीतभर बाहुली देऊन टाकली.

पण दुरून डोंगर साजरे, हेच खरं. टेकडीच्या पायथ्याशी दोरी हातभर. तिथली मोरांची पोरं मजेत जिंकत. भागाच्या वडापर्यंत ती बाभळीत अडकत, फांद्यांवर लोंबत येई. त्यातून तिन्हीसांजेला अख्खं रान एकदम ओढायला लागलं की पार ढिली पडे आणि ओढ टेकडीवर उशिराच पोचे. राक्षसाची गदा वर गेली की बिटकू दोरी ओढायचा. गदा खाली यायची, बाहुली आडवी व्हायची, आणि मग कुठे ती बाजूला उडायची. रानभर हशा पिकायचा.

भागाने खंड्याला गाठलं. "एकदा तरी जिंकू दे हो माझ्या लेकराला. तो आता फार दिवसांचा सोबती नाही."

खंड्या आला, दोरी चाचपली आणि पोरासमोरच म्हणाला, "दोरी ठणठणीत आहे, भागाबाई. तुमच्या पोराचाच हात जड."

"आई, माझाच हात जड गं," बिटकू म्हणाला, आणि दिवसभर रिकामी मूठ आवळत सराव करत राहिला. भागाला आठवलं, सागाची ती बाहुली त्याचं बोट हललं की हलायची.

त्या संध्याकाळी गदा वर गेली. बिटकूने होतं नव्हतं ते बळ एकवटून दोरी ओढली आणि त्याची मूठ सुटली. गदा पडली, बाहुली कोसळली, रान हसलं. भागाने हाक मारली. पुन्हा मारली. मग तिने त्याचे डोळे मिटले आणि त्याला कुशीत घेऊन ती ढोलीच्या तोंडाशी बसली.

खेळ संपला होता. राक्षस निघून गेला, बघणारे पांगले. तेव्हा रिकाम्या टेकडीवर पडलेली बिटकूची बाहुली उठली आणि एक उंच, नेमकी उडी मारून बाजूला झाली.