चालत्या मोटारीतली हजामत

वाघनूरच्या महाराजांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं आणि त्यापायी तुळाजी न्हाव्याची वतनाची जमीन धोक्यात आली.

टेंगूळ आलं होतं महाराजांच्याच नव्या विलायती मोटारीत. हत्तीएवढी गाडी, चांदीच्या मुठी, आत मखमल. पण पुढची दोन्ही चाकं एकाच लोखंडी कण्यात ओवलेली आणि कणा जाड पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसवलेला. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही हिसका बसे आणि महाराज टपाला जाऊन भिडत. राणीसाहेबांना माहेरून आलेल्या गाडीत मात्र पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतःची गुंडाळीची स्प्रिंग होती. एकाने ठेच खाल्ली तरी दुसऱ्याला पत्ता नसे. सवतींनी चुली वेगळ्या मांडाव्यात, तसा सुखाचा कारभार.

टेंगूळ बघून राणीसाहेब नुसत्या हसल्या. तेवढ्याने महाराज पेटले. गाडी माझीच सरस, असं त्यांनी भर दरबारात जाहीर केलं. तिच्यात बसून काठोकाठ भरलेला चहा प्यावा, थेंब सांडणार नाही, असंही वर ठोकून दिलं. राणीसाहेब म्हणाल्या, मग होऊन जाऊ द्या निवाडा. करणार कोण? दिवाणजींचं पोट तत्काळ बिघडलं. इंजिनिअरसाहेबांना मामांच्या वर्षश्राद्धाची आठवण झाली.

अशात दाढी करताना तुळाजीची नजर टेंगळावर रेंगाळली आणि ओठ जरासे हलले. जरासेच, पण महाराजांनी आरशात पाहिले.

"हसतोस? मग तूच कर निवाडा. उद्या सकाळी, सगळ्यांसमोर. माझ्या गाडीला नावं ठेवायची नाहीत, राणीसाहेबांच्याही नाहीत. आणि खोटं बोललास तर जमीन गेली म्हणून समज."

त्या जमिनीवरच तुळाजीचं घर चाललं होतं. इकडे आड, तिकडे विहीर! दिवसभर त्याने कुणाच्या दाढीला हात लावला नाही. संध्याकाळी पट्ट्यावर वस्तरा घासता घासता मात्र तो एकटाच हसला.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यासमोर दोन्ही गाड्या सजून उभ्या होत्या. तुळाजीने मुजरा केला.

"सरकार, आजची दाढी चालत्या गाडीत. टेकडीकडच्या खडीच्या रस्त्यानं. उजवा गाल आपल्या गाडीत, डावा राणीसाहेबांच्या. कुठली गाडी चांगली, ते गालच सांगतील."

चहाची बढाई मारून बसलेल्या महाराजांना नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. तुळाजीने तोंडभर फेस लावला, महाराजांच्या गाडीचं दार उघडलं आणि वस्तरा हातात धरून अदबीने उभा राहिला. महाराजांनी वस्तऱ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, आणि त्यांचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"गाडी उभी असतानाच कर की."

"उभ्या असल्या की दोन्ही सारख्याच, सरकार."

राणीसाहेब पदराआड खोकल्या. महाराजांनी पायरीवर ठेवलेला पाय हळूच मागे घेतला. आधी राणीसाहेबांच्या गाडीत बसू, म्हणाले. तुळाजीने विचारलं, म्हणजे डावा गाल तिथं आणि उजवा मागाहून इथं?

"उजवाही तिकडंच!" असं म्हणून महाराज तरातरा गेले आणि राणीसाहेबांच्या गाडीत जाऊन बसले.

तुळाजीने वस्तरा मिटला. "झाला निवाडा. म्या काईच बोललो न्हाई, सरकार."

मग महाराजच असे खो खो हसले की फेस उडून, पोट बरं झालेल्या दिवाणजींच्या कोटावर पडला. तुळाजीची जमीन वंशपरंपरा त्याच्या नावे झाली. वर ती टेंगळाची गाडीही घेऊन जा, असा हुकूम सुटला.

तुळाजीने हात जोडले. "गाडी नको, सरकार. हिच्या हिसक्यानं माझा हात हलला तर लोकांच्या माना जातील. पण हिचं पोलाद लाखात एक हाय. पुढचे पाटे तेवढे द्या, लोहाराकडनं वस्तरे करून घेतो."

महाराज हसता हसता गादीवर आडवे झाले. पाटे त्याच दिवशी लोहाराकडे गेले. पुढे महाराजांची दाढी त्याच पोलादाने होत राहिली, तीही बसल्या जागी, आणि त्या गाडीने त्यांना एकदासुद्धा ओरखडा काढला नाही.