ठकूआजीच्या आडाची फी

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव गोंदाजी. ग्रामपंचायतीत त्याला एक काम सांगितलं, की दुसऱ्या चार जणांना काम लागायचं.

पंचायतीने ठरवलं, खासगी विहिरींचं पाणी तपासायचं आणि सगळ्यांकडून सारखीच फी घ्यायची. ठकूआजी रडकुंडीला आली. तिचा आड जेमतेम तीन हात रुंद.

"बागाइतदाराएवढी फी मी कुठनं भरू? आड बुजवते अन् नदीवर जाते," ती म्हणाली. म्हातारी सत्तरीची, नदी कोसभर लांब.

सरपंच लीलाबाईंना तिची फार दया आली. त्या म्हणाल्या, "गोंदाजी, फी कुणाला जड जाईल ते घरोघर विचारून ये. सगळ्यांना एकच प्रश्न विचार. भेदभाव नको."

"जी बाई."

पहिलं घर ठकूआजीचं. त्याने विचारलं, "आजी, गुडघे दुखतात, मग पाणी कसं शेंदता?"

दुसरं घर हैबती पैलवानाचं. "आजी, गुडघे दुखतात, मग पाणी कसं शेंदता?"

पैलवानाने त्याला वेशीपर्यंत पिटाळलं.

"अरे, समोर माणूस कोण आहे ते बघावं!" बाई म्हणाल्या. "बरं, आता तपासणीला पाण्याचे नमुने आण."

"जी बाई. चुकलो. आता माणूस बघतो."

त्याने पैलवानाला नीट बघितलं आणि पिंपभर पाणी घेतलं. आजीला नीट बघितलं आणि चमचाभर घेतलं. चमचा तर वाटेतच सांडला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, इथं लहान-मोठं चालत नाही. सगळ्यांचं सारखं करायचं!"

"जी बाई. चुकलो. आता सारखं करतो."

मग ग्रामसभा भरली. पुष्कळ भांडण झालं, आणि शेवटी ठरलं: पाच हातांहून लहान आडाला फी माफ. असा आड गावात एकच होता. बाई खूश झाल्या.

"पळ गोंदाजी, आजीला सांगून ये. उद्या माप घ्यायला मी स्वतः येते."

दुसऱ्या दिवशी बाई गेल्या, तर अंगणात मातीचा डोंगर. शेजारी जेसीबी उभा. मधे बारा हात रुंद विहीर. पायरीवर आजी डोकं धरून बसलेली.

"गोंदाजी! आजीला माफीचं सांगितलंस का?"

"सांगणारच होतो बाई. पण बघतो तर काय, आजीचा आड लहान, पैलवानाची विहीर मोठी. मग सारखं केलं. दोरीनं मापलंय, बोटभरही फरक नाही!" गोंदाजीची छाती फुगली होती. "आता माफीची गरजच उरली नाही. आजीला खुशाल पुरी फी लावा!"