गोफणीचा नेम

एकदा एक शिष्य दूरदेशी शिकून परतला आणि येताना संगणकात एक युद्ध घेऊन आला. तो खेळ त्याने स्वतः रचला होता. धुक्याने भरलेली दरी, पलीकडे टेकडी, टेकडीवर शत्रूची मशीनगन. खेळणाऱ्याने आपले सैनिक दरीतून वर न्यायचे. हा खेळ खेळून मुलांना युद्धाचा वीट यावा, एवढाच त्याचा ध्यास होता.

गावच्या शाळेत मुले खेळू लागली आणि हसू लागली.

"दादा, तुमची मशीनगन अगदीच मिळमिळीत! आमचे सगळे वर पोचले की," एक मुलगी म्हणाली.

शिष्याने मारा वाढवला. आता मशीनगन क्षणात सारी पलटण लोळवू लागली. मुले अधिकच हसली. "पुन्हा लावा, पुन्हा!"

खिन्न होऊन तो आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. ते तरुणपणी सैन्यात होते, पुढे याच शाळेत शिक्षक झाले.

"गुरुजी, खरी मशीनगन किती माणसे मारते? तेवढे सांगा, म्हणजे माझा खेळ खरा होईल."

"उद्या पहाटे रानात ये," गुरू एवढेच म्हणाले.

पहाटे ज्वारीवर धुके उतरले होते. कणसे जणू पाण्यावर तरंगत होती. गुरू पिकातल्या राखणीच्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरवत होते. दगड सुटे, वादी कडाडे, आणि भोरड्यांचा थवा उठून, कुणी आकाशात शेला झटकावा तसा वळून दूरच्या बाभळींवर जाई. थवा पुन्हा येई, गोफण पुन्हा कडाडे. ऊन वर आले, तरी एकही पक्षी पडला नाही.

शेवटी शिष्याला राहवले नाही. "रागावू नका गुरुजी, पण तुमचा नेम गेला."

"होता कधी? वर्गात मी फेकलेला खडू तुला एकदा तरी लागला का रे? पण गप्प बसायचास ना?"

शिष्य हसला. गुरूंनी भरल्या कणसांवरून हात फिरवला.

"मशीनगनही अशीच राखण करते, बाळ. उघड्यावर घोळक्याने गेलात तर ती कापून काढते. पण तिच्या बहुतेक गोळ्या मातीतच जातात. त्या डोक्यावरून जात असतात, तेव्हा माणूस जमिनीला चिकटतो. मीही एका उतारावर असाच पडलो होतो. हुकूम ऐकू येत होता, पाय मात्र माझे उरले नव्हते. डोळ्यांसमोर एक मुंगी काडी ओढत होती. तिच्याकडे पाहत मी आईला हाका मारल्या. तुझे सैनिक ताठ चालत येतात आणि पडतात. त्यांना परतायला घर नाही. तू बंदुकीचे बळ वाढवत बसलास. माणसाला भीती द्यायची राहिली."

शिष्याने खेळ बदलला.

त्याच मुलीने तो पुन्हा लावला. मशीनगन कडाडली आणि सैनिक गवतात आडवे झाले. तिने 'पुढे चला'ची कळ दाबली. कुणी उठले नाही. फक्त गवत हलत होते, आणि एक इवलासा सैनिक दोन्ही हातांनी डोके झाकून थरथरत होता.

"दादा, हा उठत का नाही?"

"घाबरलाय तो."

तिने कळीवरचे बोट उचलले. ती पडद्याजवळ वाकली. मग हळूच म्हणाली, "याला माघारी कसं बोलवायचं?"

शिष्याने खेळात तशी कळच ठेवली नव्हती. तो तिच्या शेजारी बसला आणि ती कळ घडवू लागला.