तोंडी परीक्षेतला हुंकार

एकदा एका विद्यापीठात जपानी भाषेच्या तोंडी परीक्षेचा निकाल लागला आणि वर्गातली सर्वांत हुशार विद्यार्थिनी चक्क नापास झाली. तिच्या पायाखालची जमीनच सरकली. लेखी परीक्षेत ती पहिली. तिची चित्राक्षरे पाहून भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावे. पुढील शिक्षणासाठी जपानला जायची एकच जागा होती, आणि ती आता हातची गेली होती.

ती तडक आपल्या वृद्ध प्राध्यापकांकडे गेली.

"सर, माझं चुकलं कुठे?"

"बस. काय म्हणायचंय ते सगळं सांग."

ती सांगू लागली. परीक्षक म्हणून आलेल्या जपानी आजीबाई आपल्या गावाविषयी बोलत होत्या; बोलता बोलता थांबल्या आणि उठून गेल्या. यात तिचा काय दोष? पण सर नुसते तिच्याकडे पाहत बसलेले. ना मान हलली, ना 'बरं', ना 'मग?'. ती अडखळली, तेच वाक्य पुन्हा बोलली. तिला दरदरून घाम फुटला. इतक्या मायेने शिकवणाऱ्या माणसाने असे दगड व्हावे? अखेर तिला राहवेना.

"सर, ऐकताय ना?"

"शब्द न् शब्द ऐकला. परवा तूही अशीच ऐकत होतीस."

"पण मोठी माणसं बोलताना मधे बोलू नये, हे घरचं वळण आहे माझं!"

"वळण चांगलंच आहे, बाळ. पण जपानी लोकांत ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला हुंकार भरायचा असतो. पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, आणि लेखी परीक्षेत तू ते अचूक लिहिलंस. त्या बाई पुरात गेलेल्या आपल्या मुलाविषयी सांगत होत्या. तू गप्प! बाहेर येऊन मला विचारतात, 'माझ्या बोलण्यानं ती मुलगी दुखावली का?'"

विद्यार्थिनी सुन्न झाली. बाई बोलत होत्या तेव्हा ती मनातल्या मनात पुढच्या उत्तराची वाक्ये जुळवत होती. स्वतःचीच शरम वाटून तिचे डोळे भरून आले. गुणांचे नावही तिने काढले नाही.

"बाई अजून इथेच आहेत का, सर?"

"अतिथिगृहात आहेत. संध्याकाळी निघतील."

ती दारापर्यंत गेली आणि थबकली.

"सर, त्या मुलाचं नाव काय होतं? त्यांनी सांगितलं होतं... मला आठवत नाहीये."

"मलाही ठाऊक नाही," वृद्ध प्राध्यापक म्हणाले. "त्यांनी ते फक्त तुला सांगितलं होतं."