ताडपत्रीवरची फुटकी वीट

विटा बोलायच्या त्या काळची गोष्ट. यसबा गवंड्याची भिंत नुकतीच उभी राहिली होती. चुना ओलाच होता, तोच आभाळ भरून आलं. यसबानं घाईघाईनं भिंतीवर ताडपत्री टाकली, कडांवर दगड ठेवले. एक कोपरा उरला. तिथं सकाळी फेकून दिलेली फुटकी वीट ठेवली.

वारा सुटला. ताडपत्री फडफडू लागली. भिंत घाबरली.

“बाई, सकाळी मी तुला हसले. तो राग धरून सरकू नकोस गं! चुना वाहून गेला तर मी कोसळेन.”

वीट बोललीच नाही. पाऊस धो धो कोसळला आणि थांबला.

“तेव्हा बोलली का नाहीस?” भिंतीनं विचारलं.

“बोलायला गेले असते तर हलले असते. तुझ्या विटांना चुन्यानं धरलंय. मला कुणी धरलंय?”