चिचूआत्याची नवी घासणी

बसलात का मांडीवर? मग ऐका.

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिचू. नाक लांब लांब, पाय इवले इवले. दिसेल ते हुंगायचं. हुंग हुंग! "हे काय? आत काय?" दिवसभर हेच चालायचं.

आज चिचूच्या दादाच्या बाळाचं बारसं. बाळाच्या कानात कुर्रर्र कोण करणार? आत्या! आत्या कोण? आपली चिचू!

पण चिचू गेली खड्डा हुंगायला. पडली चिखलात. थपाक! पाठ झाली काळी काळी.

वहिनी म्हणाली, "वन्सं, आधी अंघोळ. मगच बाळाला हात लावा हं!"

चिचूने प्लॅस्टिकची घासणी घेतली. घस घस... कट्ट! मोडली. तुकडे टाकले मातीत.

माती म्हणाली, "थू थू! हे मला पचत नाही."

"पचत नाही? का बरं?" चिचूला नवलच वाटलं. तिने तुकडे वेचून डब्यात ठेवले. पण आता पाठ कशी घासायची? बारशाला कसं जायचं? तिला रडूच आलं.

तेवढ्यात वर वाजलं, खुळखुळ! वेलावर होतं एक घोसाळं. पानांमागे राहून गेलेलं. वाळून खडखडीत झालेलं.

"आत काय?" चिचूने विचारलं.

वेल म्हणाला, "आत घासणी!"

"वेला वेला, घोसाळं दे!
पाठ घाशीन घसघस,
बारशाला जाईन झरझर!"

वेल म्हणाला, "देईन देईन. पण मला तहान लागली. आधी पाणी आण."

चिचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! वाटेत भेटला झरा.

"झऱ्या झऱ्या, पाणी दे!
पाणी देईन वेलाला,
वेल देईल घोसाळं,
पाठ घाशीन घसघस,
बारशाला जाईन झरझर!"

झरा म्हणाला, "देईन देईन. पण नेशील कशात? आधी करवंटी आण."

चिचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! झऱ्याकाठी राहायची शेवंतीकाकू. ती नारळ खोवत होती.

"काकू काकू, करवंटी दे!
करवंटी नेईन झऱ्याला,
झरा देईल पाणी,
पाणी देईन वेलाला,
वेल देईल घोसाळं,
पाठ घाशीन घसघस,
बारशाला जाईन झरझर!"

काकू म्हणाली, "देईन गो बाय, देईन. पण माझा खराटा झिजला. अंगणभर बघ कसा पाचोळा! आधी झावळी आण. तिचे हीर काढते, त्या काड्यांचा नवा खराटा बांधते."

चिचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! अंगणाच्या कडेला होता उंच उंच माड.

"माडा माडा, झावळी दे!
झावळी देईन काकूला,
काकू देईल करवंटी,
करवंटी नेईन झऱ्याला,
झरा देईल पाणी,
पाणी देईन वेलाला,
वेल देईल घोसाळं,
पाठ घाशीन घसघस,
बारशाला जाईन झरझर!"

माड म्हणाला, "देईन देईन. पण वाळकी झावळी अडकलीय. आधी वारा आण."

चिचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! बांबूच्या बेटात वारा झोपला होता. घुर्र घुर्र!

"वाऱ्या वाऱ्या, ऊठ ना!
वारा नेईन माडाला,
माड देईल झावळी,
झावळी देईन काकूला,
काकू देईल करवंटी,
करवंटी नेईन झऱ्याला,
झरा देईल पाणी,
पाणी देईन वेलाला,
वेल देईल घोसाळं,
पाठ घाशीन घसघस,
बारशाला जाईन झरझर!"

वारा म्हणाला, "आळस आलाय. मी नाही जा!" आणि पुन्हा झोपला. घुर्र घुर्र!

आता काय करायचं? समोर एक बांबू. बांबूला भोक. "आत काय?" चिचूने नाक लावलं आणि फुंकर घातली. फू!

पूंऽऽऽ!

वारा उठून बसला. "अरेच्चा! हे काय वाजलं?"

"तूच बघ की शिरून!"

वारा शिरला बांबूत. पूंऽऽऽ! दुसऱ्या बांबूत. पींऽऽऽ! मजाच वाटली त्याला. मग काय, आळस गेला पळून!

वारा सुटला माडाकडे. सूं सूं!
माडाने टाकली झावळी. धप्प!
काकूने बांधला खराटा. खर्र खर्र!
काकूने दिली करवंटी. झऱ्याने दिलं पाणी. बुड बुड!
वेल प्यायला पाणी. गट गट!
आणि पडलं घोसाळं. टप्प!

चिचूने साल काढली. कुर कुर! बिया सांडल्या. भुर भुर! आत काय? जाळीच जाळी! पिवळी पिवळी, भोकाभोकांची. चिचूने एका भोकातून आभाळसुद्धा बघितलं.

साल टाकली मातीत. माती म्हणाली, "वा! आणखी आहे?"

पण इवल्या हातांनी पाठ कशी घासणार? चिचूने करवंटीला चिकटलेला काथ्या ओढला. दोरी वळली. घासणीच्या दोन्ही टोकांना बांधली. इकडून ओढ, घस! तिकडून ओढ, घस! पाठ झाली लख्ख.

चिचू पळाली बारशाला. झरझर झरझर!

वहिनीने बाळ दिलं तिच्या हातात. बाळाचे डोळे अजून मिटलेले. त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही!

चिचू वाकली. बाळाच्या कानात म्हणाली,

"कुर्रर्र... टिकली!"

आणि टिकलीने डोळे उघडले. पहिल्यांदाच!

सगळ्यात आधी तिने कुणाला बघितलं?

आत्याला!