पाण्याखालचे जाणकार

ज्या काळी होड्या आपला रंग आपणच निवडत, त्या काळची ही गोष्ट. रेवती नावाची होडी कोळीवाड्याच्या वाळूवर ओढून ठेवली होती. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती आणि तिच्या तळाला रंग लागायचा होता.

शेजारी वाळूवर टेकलेला, मासेमारीत म्हातारा झालेला पडाव म्हणाला, "पोरी, तो तांबडा घे. वास उग्र आहे, दिसतोही गंजल्यासारखा, पण पाण्याखाली त्याला काही चिकटत नाही."

"पूजेला सगळा गाव मला बघणार, काका. गंजक्या तळाने उभी राहू? त्यापेक्षा मी जाणकारांना विचारते."

तिने खडकाला चिकटलेल्या कालवांना विचारलं. कालवं एकमुखाने म्हणाली, "ताई, तांबडा तुला शोभत नाही. मोरपिशी घे. आमचा जन्म पाण्याखाली गेला, आम्हाला कळतं."

इतक्या आपुलकीने तिच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं.

पूजेच्या दिवशी मोरपिशी तळाचं गावभर कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात उतरली आणि तो रंग बघायला कालवांखेरीज कोणी उरलं नाही. कालवं आली, बघितलं आणि तिथेच राहिली. दिवाळीपर्यंत रेवतीचं शीड वाऱ्याने फुगलेलं असूनही ती म्हाताऱ्या पडावाच्या मागे रांगत होती.

"एवढी जड कशाने झालीस गं?" पडावाने विचारलं.

"आपली माणसं सोबत आहेत, काका," रेवती धापा टाकत म्हणाली.

"ताई," तळाखालून आवाज आला, "पुढच्या वर्षीही रंग आम्हालाच विचारून घे हं."